कोऱ्या पानावरचं ‘शाबास’

मास्तर, बुधवारी तुमच्या शोकसभेत पोरांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्यावर रागावू नका. ती सवय त्यांना मीच लावली. कुणी बोलून खाली बसलं की टाळ्या, आणि त्याही कशाबशा नाहीत, तालात: एक-दोन, एक-दोन-तीन. इतकी वर्षं प्रार्थनेच्या वेळी हे घोटून घेतलंय मी त्यांच्याकडून. तेव्हा मी बोलून खाली बसलो आणि अख्ख्या शाळेनं एका तालात टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर “अरे, अरे” करत उठले. आपलं काय चुकलं ते पुढच्या रांगेतल्या पोरांना कळेना, म्हणून त्यांनी आणखी जोरात वाजवल्या.

आता तुमच्याशी खोटं बोलून मला काही मिळायचं नाही, म्हणून खरं सांगतो. पहिल्यांदा मला बरं वाटलं. भाषण जमलं, असं वाटलं. मग कान तापले, आणि सभा संपेपर्यंत मी मान वर केली नाही.

भाषणात मी तुमच्या शाबासकीबद्दल बोललो होतो. गफूर मास्तर खुर्चीत बसून कधी कुणाला शाबास म्हणाले नाहीत, उठून पोरापर्यंत चालत जायचे, पाठीवर हात ठेवायचे आणि मगच म्हणायचे, हे सांगितलं. खडूनं भरलेल्या तुमच्या हाताचा पांढरा पंजा पोरांच्या सदऱ्यावर कसा उमटायचा आणि घरी जाईपर्यंत ती पोरं भिंतीला कशी टेकायची नाहीत, हे सांगितलं. शाबास हा शब्द कुठून आला तेही तुमच्याच शब्दांत सांगितलं. सगळं खरं होतं. फक्त एका शाबासकीचं मी सांगितलं नाही, आणि सांगायची होती ती तेवढीच होती.

शब्दापासूनच सुरुवात करतो. तो मला तुमच्याकडून कसा मिळाला, ते तुम्हाला आठवत असेल की नाही, कोण जाणे. तुमच्या हाताखालून परंड्याची निम्मी पोरं गेली, त्यातलं एक मी. निजामाचं राज्य होतं, शाळा उर्दूची, घरी मराठी. तुम्ही सतराचा पाढा म्हणायला उभं केलंत आणि मी आठव्या घरात अडकलो. सतरा आठे, सतरा आठे, आणि पुन्हा सतरा आठे. तुम्ही खुर्चीतून उठलात. आता छडी, असं समजून मी डोळे मिटले, तर पाठीवर हात पडला आणि तुम्ही म्हणालात, “शाबास!” सगळा वर्ग हसला. तुम्ही माझी टिंगल केलीत असं वाटून मी मधल्या सुट्टीपर्यंत रडलो.

सुट्टीत तुम्ही मला पायरीवर बसवलंत. “रडू नको बेटा. शाबास म्हंजे काय, ठाऊक हाय का? फारसीत शाद म्हंजे खूश. बाश म्हंजे रहा. शाद बाश. बोलून बोलून लोकांनी त्याचं शाबास केलं. खूश रहा. आता सांग, ह्यात तारीफ कुठं हाय? ही तर दुआ हाय. ज्याचा पाढा आला तो आधीच खूश हाय. तुझा अडकला. मंग दुआची गरज कुणाला हाय?”

मी नाक पुसत म्हणालो, “मला.”

“हौ. मंग घे की. आन् उद्या सतराचा पाढा म्हणून दाखव.”

दुसऱ्या दिवशी मी तो म्हणून दाखवला. तुम्ही पुन्हा उठलात, पुन्हा पाठीवर हात ठेवलात, पुन्हा तेच म्हणालात. त्यात जास्त-कमी काही नव्हतं. मला थोडं वाईटच वाटलं होतं, कारण काल चुकलो तेव्हाही एवढंच मिळालं होतं. आपलं भांडण खरं तर त्या दिवशीच सुरू झालं, फक्त तोंड उघडायला मला पुढं बरीच वर्षं लागली.

त्यानंतर मी निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला मामाकडं गेलो, तिथल्या मराठी शाळेत शिकलो. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, आपल्या शाळेतली उर्दू जाऊन मराठी आली, आणि मराठी लिहिता येणारा माणूस हवा म्हणून मी तुमच्याच शाळेत मास्तर होऊन परत आलो. तुमची शेरवानी तोवर पेटीत गेली होती. डोक्यावरची लाल टोपी जाऊन साधी पांढरी आली होती. तुम्ही पन्नाशीला टेकलेले, आणि नोकरी टिकवायची तर बालबोध अक्षर शिकणं भाग होतं. शाळा सुटल्यावर तुम्ही माझ्यासमोर पाटी घेऊन बसायचात. मी तुम्हाला ‘क’ गिरवायला दिला तो मान खाली घालूनच. तुम्ही म्हणालात, “लाजतोस कशाला? आता तू उस्ताद. आमाला छडी नको मारू म्हंजे झालं.”

वर्षाभरात तुम्ही लिहू लागलात. अक्षर मोठं, पोरांच्यासारखं, पण स्वच्छ. एक खोड मात्र गेली नाही. तीस वर्षं उर्दू वह्या तपासलेल्या, त्या उजवीकडून उघडायच्या, आणि शेरा पहिल्या पानावर. मराठी वही तुम्ही डावीकडून तपासायचात, शेवटच्या ओळीपर्यंत. मग वही मिटायचात, पालथी करायचात, तुमच्या हाताला जे पहिलं पान लागायचं ते उघडायचात आणि त्याच्या मधोमध लिहायचात, शाबास. आमच्या लेखी ते शेवटचं पान, बहुतेक वेळा कोरं. पोरांना ते पाठच झालं होतं. वही हातात पडली की तुमच्या वर्गातली पोरं ती मागूनच उघडायची.

आणि लाल शाई तुम्ही कधी वापरली नाहीत. “लेकराच्या वहीत रगत कशाला सांडायचं?” म्हणायचात. चुकलेल्या अक्षराखाली पेन्सिलीचा एक बारीक ठिपका. पोरानं तो शोधायचा, चूक सुधारायची आणि मग ठिपका खोडून टाकायचा. हेही मला माहीत होतं. शाळेत दुसऱ्या कुणाला फारसं माहीत नव्हतं, पण मला नक्की माहीत होतं.

मी तेव्हा नव्या वाऱ्याचा माणूस होतो. मास्तरांच्या खोलीत मी एक तक्ता लावला होता, माझ्या सुरेख अक्षरात: डावीकडं न वापरायचे शब्द, उजवीकडं त्यांच्या जागी वापरायचे. ‘शाबास’च्या समोर मी ‘उत्तम’ लिहिलं होतं. तुम्ही तक्त्यापुढं उभं राहून बोट फिरवत एकेक शब्द वाचलात.

“बळीराम, तुझी आई म्हशीची धार काढताना म्हशीला काय म्हणते?”

“शाब्बास गं माझी बाय, म्हणते.”

“मंग घरी जाऊन सांग तिला. म्हणावं, उत्तम गं माझी बाय.”

सगळे हसले. मीही हसलो. तक्ता मात्र काढला नाही.

वर्गात शाबास म्हणायच्या ऐवजी टाळ्या वाजवायची पद्धतही मीच आणली. बार्शीच्या शाळेत पाहिली होती. तुम्हाला पटावी म्हणून मी कोश उघडून दाखवला. टाळी शब्दाचं मूळ संस्कृतातल्या तालाशी, हातावर हात मारण्याशी. म्हणजे हा शब्द अस्सल आपला, असं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तुम्ही दोन्ही तळहात एकमेकांवर हळूच मारून बघितलेत.

“लफ्ज चांगला हाय. आवाज पण झकास हाय. पण ह्यात माझा हात माझ्याच हाताला लागतो. पोराला कुठं लागतो?”

“वेळ वाचतो, मास्तर,” मी म्हणालो. “आणि तुम्ही चुकलेल्यालाही शाबास म्हणता, बरोबर आलेल्यालाही. मग हुशार पोरांनी करायचं काय?”

“त्यांनी पण खूश रहावं.”

“असं कसं? काही भेद नको का?”

“भेद परीक्षेत हाय की. रिजल्टात हाय. घरादारात हाय. अजून एका ठिकाणी कशाला पायजे तुला?”

तेवढ्यात घंटा व्हायची. आपलं हे भांडण नेहमी घंटेनंच तोडलं. तुम्ही खडू उचलून निघून जायचात आणि मी मनातल्या मनात पुढचा मुद्दा तयार ठेवायचो. अजूनही एक-दोन तयार आहेत.

आता त्या दिवसाचं. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या साली तपासणीला नवे साहेब आले. आधीचे साहेब हैदराबादकडचे, उर्दू जाणणारे. त्यांनी तुमच्या वर्गाच्या वह्या कितीदा बघितल्या होत्या. वही कुठल्या बाजूनं उघडली जाते हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. हे नवे साहेब मुंबईकडचे. उर्दूचा त्यांना गंध नव्हता. मी नवा काळा कोट शिवून घेतला होता. चहा पिताना साहेबांनी विचारलं, “तुमचं शिक्षण बार्शीचं ना? तरीच. इथल्या बाकीच्यांचं म्हणजे…” आणि त्यांनी वाक्य सोडून दिलं. मला ते सोडून दिलेलं वाक्य फार आवडलं, मास्तर. दिवसभर ते मी मनात घोळवत होतो.

तुमच्या चौथीच्या वह्यांचा गठ्ठा आला. साहेबांनी वरची वही चाळली. लाल शाई कुठंच नाही. मागचं पान उघडलं, तर कोऱ्या पानावर ठळक ‘शाबास’. दुसरी वही, तेच. तिसरी, तेच. त्यांनी तुम्हाला बोलावून घेतलं.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“जी.”

“वही तपासून?”

“जी, हौ.”

“काय तपासलंत? पान तर कोरं आहे.”

तुम्ही घरीदारी, बाजारात, बसच्या थांब्यावर चुरूचुरू मराठी बोलणारे. पण साहेबांपुढं पुस्तकातलं मराठी बोलावं असं तुम्हाला वाटलं असणार, आणि ते काही केल्या जिभेवर येईना. “ते… ते पहिलं पान आहे, साहेब,” एवढंच तुम्ही म्हणालात.

“पहिलं? हे शेवटचं आहे, मास्तर!”

खोलीतले सगळे हसले. मीही हसलो. मोठ्यानं नाही, पण हसलो. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत.

एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, हे उर्दूच्या सवयीनं वही उजवीकडून उघडतात, त्यांचं पहिलं पान हेच, आणि आत प्रत्येक चुकीखाली पेन्सिलीचा ठिपका आहे, बघा. एवढं बोलायला सतराच्या पाढ्याइतकाही वेळ लागला नसता. पण ते बोलायचं तर मला हे कसं माहीत, तेही सांगावं लागलं असतं. मीही तसल्याच वह्यांत शिकलो, ह्यांच्याच हाताखाली शिकलो, साहेब, तुमचं ते सोडलेलं वाक्य माझ्याबद्दलही आहे, हे सांगावं लागलं असतं. मी अजून कायम झालो नव्हतो. पण ती सबब झाली. खरं म्हणजे मला लाज वाटली, मास्तर. तुमची लाज वाटली. आज ज्या लाजेनं मी हे लिहितोय ती वेगळी आहे, आणि ती मला पुष्कळ उशिरा आली.

साहेबांनी शेरेबुक मागवलं. शाळेबद्दल वरून येणारा माणूस काय म्हणतो ते त्यात लिहिलं जातं आणि ते कायमचं राहतं. “ह्यांचं अक्षर चांगलं आहे, ह्यांना लिहू द्या,” म्हणून त्यांनी ते माझ्यापुढं सरकवलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. ‘चौथीच्या शिक्षकांनी वह्या न तपासता कोऱ्या पानांवर शेरे दिलेले आढळले. त्यांच्याकडे वरचा वर्ग ठेवू नये.’ शेवटच्या अक्षराची मात्रा मी जरा लांबवून सुबक काढली. हेही खरं आहे, आणि हे मला सगळ्यात जास्त खातं.

साहेब दुपारच्या बसनं कुर्डुवाडीला गेले. शेरेबुक वाळायला टेबलावर उघडं होतं. तुम्ही आलात. “वाचू का?” विचारलंत. मी खिडकीकडं बघत मान हलवली. तुम्ही एकेका शब्दावर बोट ठेवत दोन्ही वाक्यं वाचलीत, कुठं अडला नाहीत. मग माझ्या मागं आलात, पाठीवर हात ठेवलात.

“अक्षर लई सुरेख आलंय, बळीराम. शाबास.”

आणि वर्गावर निघून गेलात. कोट काळा होता. पंजा स्वच्छ उमटला असणार, कारण हेडमास्तरांनी आत येताच विचारलं, “पाठीला काय लागलं?” घरी जाताना किल्ल्याच्या खंदकापाशी मी कोट काढला आणि कुणी बघत नाही असं पाहून झटकत राहिलो. खडूच तो, लगेच गेला.

तो टोमणा होता, असं मी इतकी वर्षं धरून बसलो. तसं धरणं माझ्या सोयीचं होतं. तुम्ही मला टोचलंत म्हणजे फिट्टंफाट झाली, असा हिशेब. तुम्हाला चौथीवरून काढून बिगरीत टाकलं, चार-पाच वर्षांच्या पोरांत, आणि तिथूनच तुम्ही निवृत्त झालात. मी कायम झालो. बिगरीच्या वर्गावरून जाताना तुमचा आवाज ऐकू यायचा. गुडघा दुखायचा तरी तुम्ही शेवटपर्यंत उठून पोरापाशी जात होता. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग पाय ओढत चालल्याचा, मग शाबास. मी पावलं भरभर उचलायचो. बाजारात दिसलात तर दुसऱ्या गल्लीला लागायचो. ईदेला तुमच्याकडून शिरखुर्म्याचा डबा यायचा तो आई घ्यायची, आणि धुतलेला डबा परत करायला मी कधी स्वतः आलो नाही.

बुधवारी तुमची तिसऱ्या दिवसाची जियारत होती. शोकसभेतल्या त्या टाळ्या कानात घेऊनच संध्याकाळी तुमच्या घरी आलो. तुमच्या रझियानं सतरंजी टाकली. आता चाळिशीची असेल; ह्याच घरात मी तुम्हाला शिकवायला यायचो तेव्हा पाटी धुऊन द्यायची. चष्मा, तुमच्यासारखाच. तिनं पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. मग तीच बोलली.

“अब्बा तुमची याद लई काढायचे, भाऊ. एक दिवस तर म्या कधी इसरणार न्हाय. शाळेतून आले, हातपाय धुतले न्हायत, तसंच चुलीपाशी येऊन बसले. म्हणले, आज बळीरामनं शाळेच्या बुकात मराठी लिहिलंय, काय अक्षर, काय अक्षर! आन् म्या सगळं वाचलं, एक पण हरफ अडला न्हाय. अम्मीला म्हणले, त्याला बालबोध म्या न्हाय शिकिवली, पण लिहायची शिस्त माझी हाय. त्या दिवशी जेवले पण न्हायत नीट. अम्मी म्हणली, खुशीनं पोट भरलं त्यांचं.”

मी सतरंजीची दशी ओढत बसलो.

“काय लिहिलं व्हतं तुम्ही?” तिनं विचारलं. “आमी लई डाव विचारलं. त्यांनी कधी सांगितलं न्हाय.”

मी म्हणालो, “आठवत नाही.”

मास्तर, हे दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी नोकरीची तरी आड होती. ह्या वेळी समोर चष्मा लावलेली तुमची लेक होती, मातीला तिसरा दिवस होता, आणि तरी माझ्या तोंडून खोटंच निघालं. जेवला का नाहीत ते तुमच्या घरात मला एकट्याला माहीत होतं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मी कपाटातून ते जुनं शेरेबुक काढलं. आधी काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचा विद्यार्थी कसा आहे ते तुम्हाला पुरतं कळेल. वही पालथी केली, उजवीकडून उघडली, तुमच्या बाजूचं पहिलं पान कोरंच होतं, आणि त्यावर मी ते एक वाक्य लिहायला घेतलं. डोळे भरून आले. केवढी छान कल्पना, मास्तरांना सापडेल अशा जागी लिहितोय, असं वाटलं. चार शब्द लिहिले आणि हात थांबला. त्या पानावर ते कोण बघणार होतं? येणारा प्रत्येक जण वही समोरून उघडणार, तुमच्यावरचा शेरा वाचणार आणि मिटून ठेवणार. मी पुन्हा लपायलाच जागा शोधली होती, आणि तीही तुमच्या नावावर.

वही सरळ केली. तो शेरा काढला. शाई फिकी झालीय, पण ती मात्रा अजून सुबक आहे. त्याच्या खाली, जागा कमी होती म्हणून बारीक अक्षरात, लिहिलं: ‘वरील शेरा चुकीचा आहे. वह्या तपासलेल्या होत्या. हे मला त्याच वेळी माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.’ खाली सही केली. हेडमास्तर म्हणाले, “अहो, शेरेबुकात आपण लिहायचं नसतं. आणि आता उकरून काय उपयोग?” मी म्हणालो, वरचं तरी कुणी लिहिलं होतं, मीच ना.

आज सकाळी प्रार्थनेला ते पोरांना वाचून दाखवलं. वहीची बाजू, पेन्सिलीचे ठिपके, साहेब, माझं हसणं, कोट झटकणं, सगळं सांगितलं. बोलून खाली बसलो. कुणी टाळी वाजवली नाही. बुधवारचा ओरडा खाल्ला होता म्हणून असेल, किंवा काही कळलं म्हणून असेल. पोरं नुसती माझ्याकडं बघत राहिली, आणि त्या बघण्याखाली मला बसावं लागलं.

तिथून शेरेबुक काखेत मारून रझियाकडं आलो. उंबऱ्यातच म्हणालो, “आठवत नाही म्हणालो ते खोटं होतं.” तिनं चष्मा पुसला आणि माझ्याच अक्षरातला तो शेरा वाचला. तुमच्यासारखंच बोट फिरवत. मग खालचं वाचलं. पुष्कळ वेळ तिनं वही मिटली नाही.

“अब्बांना ठाऊक व्हतं? की तुमाला बोलता आलं आसतं?”

“हो. माझ्याकडंच बघत होते ते.”

“आन् तरी तुमाला शाबास म्हणले?”

“चुकलेल्यालाही म्हणायचे ते,” मी म्हणालो. “दुआ त्यालाच जास्त लागते, म्हणायचे.”

“ठाऊक हाय मला. त्यांचीच लेक हाय म्या.” तिनं वही मिटून माझ्या हातात दिली. “ते म्हणले आसते आज पण. उठून आले आसते, गुडघा दुखत आसला तरी. म्या न्हाय म्हणणार, भाऊ. माझ्यानं व्हणार न्हाय.”

मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार? चपला पायात घालायला वाकलो, तेव्हा ती आतून म्हणाली, “चहा ठिवलाय. घेऊन जावा.”

मी परत सतरंजीवर बसलो, भिंतीला न टेकता.